दळण आपलं आपण

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 किनवट, माहूर आणि पैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या गावांतून तुम्ही ऐकता आहात. हातातलं काम चालू ठेवा, निवडण असेल तर निवडा, पण कान इकडे द्या.

आजच्या विषयाचं नाव अवघड आहे. कुबरनेटिस. हे ना खताचं नाव आहे, ना औषधाचं. हे संगणकाचं एक सॉफ्टवेअर आहे. पुष्कळ संगणकांची मोट बांधून त्यांच्याकडून एकजुटीनं काम करून घेणारं. आम्ही गटातल्या बाया आणि आमच्या संगणक शिकणाऱ्या लेकी, अशा मिळून ते मुळापासून बांधायला बसलो. बांधायला म्हणजे तयार पाकीट न आणता, त्याचा मूळ मजकूर घेऊन, आपल्या संगणकावर स्वतः तयार करायला.

तुम्ही विचाराल, बायांनो, शेळ्या, शिवण, मसाला सोडून हे कुठून काढलं? त्याला दोन कारणं झाली.

पहिलं कारण लेकींचं. आपल्या भागातल्या मुली नांदेडला जाऊन संगणकाची पदवी घेतात. नोकरीच्या मुलाखतीला बसल्या की प्रश्न येतो, "कुबरनेटिस येतं का?" मग कुणीतरी सांगतं, पुण्याला जा, क्लास लावा, भरपूर फी भरा. घरात चर्चा सुरू होते. मुलीला पाठवायचं की लग्न लावून द्यायचं? फीचे पैसे कुठून आणायचे? एका न कळणाऱ्या शब्दावरून मुलीच्या आयुष्याचा निर्णय होतो. आम्हाला वाटलं, तो शब्द तरी आधी समजून घेऊ.

दुसरं कारण हिशोबाचं. एक विक्रेता आमच्याकडे आला होता. म्हणाला, गटांचे सगळे हिशोब आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा, दर वर्षी एवढे पैसे द्या, वहीची कटकट संपली. आम्ही विचारलं, उद्या पैसे भरायला जमलं नाही तर आमचे हिशोब आम्हाला परत मिळतील का? कोणत्या रूपात मिळतील? त्याला उत्तर देता आलं नाही. वही आपल्या पेटीत असते, पेटीची किल्ली आपल्याकडे असते. संगणकातल्या हिशोबाची किल्ली कोणाकडे असते, हे कळल्याशिवाय सही कशी करायची?

आता शब्द एकेक करून सोडवू.

आधी डबा. इंग्रजीत कंटेनर. शेतावर जाताना आपण डबा भरतो. भाकरी, भाजी, ठेचा, कांदा, सगळं त्यात. बांधावर बसा की झाडाखाली, जेवण अडत नाही. सॉफ्टवेअरचा कंटेनर तसाच. एखादं काम करायला जे जे लागतं ते सगळं एका डब्यात भरून ठेवायचं. मग तो डबा नांदेडच्या संगणकावर उघडा की मुंबईच्या, काम तसंच चालतं. हे नाव आलं जहाजावरच्या लोखंडी डब्यांवरून. अमेरिकेतला माल्कम मॅकलीन नावाचा ट्रकवाला माणूस. जहाजावर एकेक पोतं चढवण्यात दिवसच्या दिवस जातात हे त्याला दिसत होतं. २६ एप्रिल १९५६ रोजी त्यानं 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ डबे एका मापानं चढवून पाठवले. त्यातून जगाच्या व्यापाराची रीतच बदलली. आपल्याकडं १९८९ साली सुरू झालेलं न्हावा-शेवा बंदर याच डब्यांच्या वाहतुकीसाठी ओळखलं जातं.

मग मोट. इंग्रजीत क्लस्टर. एका बैलानं नांगर ओढत नसेल तर चार बैल जुंपायचे. पुष्कळ साधे संगणक जोडून एक मोठं काम करून घ्यायचं. ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९८० च्या दशकात भारताला हवा होता तसा महासंगणक अमेरिकेनं द्यायला नकार दिला. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली. तिचे प्रमुख होते डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेले. त्यांच्या चमूनं एका भल्यामोठ्या यंत्राच्या मागं न लागता पुष्कळ छोट्या यंत्रमेंदूंना एकत्र जुंपलं आणि १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. दुसऱ्यानं नाही म्हटलं म्हणून आपलं अडून राहत नाही, हे त्यातून दिसलं.

डबे झाले, मोट झाली. आता शेकडो डबे आणि पुष्कळ संगणक असले की कोणता डबा कुठं उघडायचा, एखादा संगणक बंद पडला तर त्याचं काम कोणी उचलायचं, हे कोण बघणार? ते कुबरनेटिस बघतं. हा शब्द ग्रीक भाषेतला आहे, अर्थ सुकाणू धरणारा, नावाडी. गुगल कंपनीतल्या लोकांनी हे लिहिलं आणि जून २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती जुलै २०१५ मध्ये आली आणि तेव्हाच ते एका कंपनीच्या हातून काढून अनेकांच्या सामाईक संस्थेकडे सोपवलं गेलं. आज त्यात जगभरातले लोक भर घालतात.

त्याचं काम कसं चालतं, हे आम्हाला ग्रामसंघाच्या उदाहरणानं पटकन कळलं. आपण ग्रामसंघात ठराव करतो. समजा ठरलं, यात्रेत आपल्या तीन चुली चालल्याच पाहिजेत. हा ठराव इतिवृत्तात लिहिला जातो. कुबरनेटिसचं इतिवृत्त म्हणजे 'एटसीडी' नावाचा भाग. ठराव, अर्ज, चौकशी, जे काही असेल ते एकाच खिडकीवर द्यायचं. ती खिडकी म्हणजे 'एपीआय सर्व्हर'. कोणती चूल कोणाच्या अंगणात पेटवायची हे वाटून देणारी एक बाई, ती 'शेड्युलर'. प्रत्येक अंगणात प्रत्यक्ष चूल पेटवणारी आणि ती पेटती आहे का हे कळवणारी, ती 'क्युबलेट'. आणि एक बाई सतत दोनच गोष्टी ताडून बघते. ठरावात काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय चाललंय? तीन लिहिल्यात आणि दोनच पेटल्यात, तर ती लगेच म्हणते, एक पेटवा. तिचं नाव 'कंट्रोलर'.

यातली एक गोष्ट तर आपल्याच नियमावलीतून उचलल्यासारखी आहे. इतिवृत्ताची वही एकाच ठिकाणी ठेवली आणि ती जळाली तर सगळं संपलं. म्हणून एटसीडीच्या तीन किंवा पाच प्रती वेगवेगळ्या संगणकांवर ठेवतात. तिघींपैकी दोघींनी मान्य केल्याशिवाय कोणतीही नोंद पक्की होत नाही. म्हणजे कोरम! एकटीनं वहीत काही लिहून ठेवलं तर ते चालत नाही. आपण वर्षानुवर्षं जे पाळतो तेच संगणकांनाही पाळावं लागतं.

हे सगळं आपल्यापासून फार लांब नाही. कोविडची लस घेतल्यावर मोबाईलवर प्रमाणपत्र आलं होतं, आठवतं ना? ते तयार करायला 'डिव्होक' नावाचं खुलं सॉफ्टवेअर वापरलं होतं, आणि ते कुबरनेटिसवर चालवता येतं.

आता आजची मुख्य गोष्ट, दळणाची.

सॉफ्टवेअर दोन रूपांत असतं. एक, माणसानं लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर. त्याला सोर्स कोड म्हणतात. तो म्हणजे ज्वारी. दुसरं, संगणकाला चालवता येणारं रूप, जे माणसाला वाचता येत नाही. ते म्हणजे पीठ. ज्वारीचं पीठ करणारी गिरणी म्हणजे कंपायलर. आणि मैत्रिणींनो, संगणकाच्या जगातल्या अगदी पहिल्या गिरण्यांपैकी एक १९५२ साली एका बाईनं तयार केली, अमेरिकेच्या ग्रेस हॉपर यांनी. जात्यावर पिढ्यानपिढ्या आपणच बसलो, तेव्हा ही गिरणी बाईच्या हातची निघाली याचं आपल्याला नवल वाटायला नको.

बाजारातून पिठाचं पाकीट आणलं तर त्यात काय दळलंय ते दिसत नाही. ज्वारी आपण निवडतो, खडा काढतो, कीड बघतो, मग दळायला नेतो. सोर्स कोड खुला असला की हे करता येतं. कुबरनेटिसचा मजकूर खुला आहे. त्याचा परवाना सांगतो की कोणीही तो घ्यावा, वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. मुख्य अट अशी की मूळ लिहिणाऱ्यांची नावं आणि परवान्याचा कागद पुसू नये. आपण एकमेकींना बियाणं देतो तसंच हे आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या लेकींना करता येईल.

पहिली पायरी, धान्य आणणं. 'गिट' नावाच्या साधनानं कुबरनेटिसचा मजकूर संगणकावर उतरवून घेतात. त्यात दहा वर्षांहून जास्त काळाच्या सगळ्या बदलांचा इतिहास असतो, कोणी, कधी, काय बदललं ते. तो फार मोठा आहे. आपल्याकडं नेट मोबाईलवरचं, त्यातही दुपारी रेंज जाते. म्हणून लेकींनी गिटला 'डेप्थ एक' असं सांगितलं. म्हणजे सगळा इतिहास नको, आजचं रूप दे. डेटा पुष्कळ वाचला.

दुसरी पायरी, गिरणी बसवणं. कुबरनेटिस 'गो' नावाच्या भाषेत लिहिलंय. तिची गिरणीही फुकट आणि खुली आहे. पण कोणतीही गिरणी चालत नाही. कुबरनेटिसच्या मजकुरातच लिहिलेलं असतं की गोची कोणती आवृत्ती हवी. ती बघून तीच बसवायची. गिरणीची फाईल उतरवल्यावर तिचा शिक्का ताडायचा. संकेतस्थळावर आकड्या-अक्षरांची एक लांब ओळ दिलेली असते. आपल्या संगणकावर तशीच ओळ काढता येते. दोन्ही जुळल्या तर वाटेत कोणी काही बदललेलं नाही.

तिसरी पायरी, दळण. त्यासाठी एकच शब्द लिहायचा, 'मेक'. मग संगणक कामाला लागतो. आमच्याकडं एक जुना संगणक होता, चार जीबी मेमरीचा. त्यावर पूर्ण दळण झालं नाही. मध्येच काम थांबून 'किल्ड' असा शब्द यायचा. त्याचा अर्थ मेमरी पुरली नाही. कुबरनेटिसच्या पुस्तिकेतच सांगितलंय की निदान आठ जीबी मेमरी आणि पन्नास जीबी मोकळी जागा हवी. पण चार जीबीवरही काहीच होत नाही असं नाही. सगळं पोतं दळायच्या ऐवजी पायलीभर दळता येतं. 'क्यूबकंट्रोल' हा एकच भाग बांध, असं मेकला सांगता येतं. शिवाय एका वेळी एकच तुकडा दळ असंही सांगता येतं. वेळ जास्त लागतो, पण मेमरी कमी लागते. जुन्या संगणकावर तेवढा भाग तयार झाला. पूर्ण दळण आठ जीबीच्या लॅपटॉपवर रात्री लावून ठेवलं.

रात्री वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी किती टिकणार? तोही बंद पडला. सकाळी आम्ही म्हटलं, आता सगळं पहिल्यापासून. लेकी हसल्या. गोची गिरणी जेवढं दळून झालं तेवढं बाजूला जपून ठेवते. पुन्हा 'मेक' म्हटलं की उरलेलंच दळते. झालेल्या भाकरी टोपलीत असतात, फक्त राहिलेल्या थापायच्या.

चौथी पायरी, चव बघणं. खरी मोट बांधायला पुष्कळ संगणक लागतात. ते कुठून आणणार? पण 'काइंड' नावाचं एक खुलं साधन आहे, ते एकाच संगणकाच्या आत छोटी मोट उभी करतं, शिकण्यापुरती. आपण स्वतः दळलेलं कुबरनेटिस त्यात घालता येतं. लेकींनी ते घातलं आणि ठराव लिहिला की एका छोट्या कामाच्या तीन प्रती चालू राहिल्या पाहिजेत. तीन चालू झाल्या. मग एकीनं मुद्दाम एक प्रत पुसून टाकली. आम्ही सगळ्याजणी पडद्याकडं बघत होतो. काही क्षणांत तिथं नवी प्रत उभी राहिली. कोणी हात लावला नाही. ठरावात तीन होत्या, म्हणून तीन झाल्या. पुस्तकात वाचून जे कळलं नसतं ते त्या एका गोष्टीतून कळलं.

आता तुम्ही म्हणाल, तयार पाकीट फुकट मिळत असताना एवढा खटाटोप कशाला? रोजच्या कामाला तयार पाकीटच घ्यावं, त्यात गैर नाही. पण दळता येणारं कोणीतरी गावात असावं. का, ते एका खऱ्या गोष्टीवरून सांगतो.

'एक्सझेड' नावाचं एक लहानसं सॉफ्टवेअर आहे. फाईली दाबून लहान करणारं. जगातल्या असंख्य संगणकांत ते असतं. पुष्कळ वर्षं ते मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फिनलंडमधला, बिनपगारी. तो थकला होता. लोक मात्र तक्रार करायचे, काम लवकर का होत नाही. अशात एक अनोळखी नाव मदतीला आलं. दोन-अडीच वर्षं नीट काम करून त्यानं विश्वास मिळवला. आणि २०२४ मध्ये त्याच नावानं निघालेल्या पाकिटात चोरदरवाजा ठेवलेला होता. त्यातून परक्याच्या संगणकात शिरता आलं असतं. लक्षात घ्या, चोरीची एक महत्त्वाची कडी सगळ्यांना दिसणाऱ्या मजकुरात नव्हतीच, ती फक्त तयार करून ठेवलेल्या पाकिटात होती. उघड्यावरची ज्वारी आणि पाकिटातला माल, यांत फरक होता.

हे पकडलं आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्यानं, मार्च २०२४ मध्ये. संगणकात शिरायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला दिसलं. पाव किलोच्या मापात चिमूटभर फरक जाणवावा तसं. तो मागं लागला, मजकूर खुला असल्यामुळं खोलात जाऊ शकला, आणि मोठं संकट टळलं.

या गोष्टीतून आम्ही दोन गोष्टी घेतल्या. एक, सगळ्यांना दिसत असलं तरी कोणीतरी प्रत्यक्ष बघावं लागतं. वही उघडी ठेवून उपयोग नाही, ती वाचणारी बाई पाहिजे. आणि दुसरी आपल्या काळजाला भिडणारी. एकट्याच्या डोक्यावर सगळा भार टाकला, त्याची विचारपूस केली नाही, की तिथूनच फट पडते. आपल्या किती गटांत एकटी सचिव सगळं लिहिते, बँकेत जाते, बोलणीही खाते? तिच्या शेजारी दुसरी बसवा. ही चोरी रोखायची युक्ती तर आहेच, माणुसकीही आहे.

खुल्या मजकुराचं आणखी एक मोल आपल्या भागाला जास्त कळेल. इथं मराठी, गोंडी, कोलामी, गोरमाटी, तेलुगू, सगळ्या भाषा चालतात. आपल्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाळा नावाचं गाव आहे. तिथं गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं मिळाली. त्या लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या संगणकांच्या अक्षरांच्या सामाईक यादीत, जागा मिळाली. तिचा फॉन्टही आज खुला आणि फुकट मिळतो. एखाद्या दुकानदारानं विचार केला असता की गोंडी लिपीचं गिऱ्हाईक किती? त्याला परवडलं नसतं. मजकूर खुला असला की गिऱ्हाईक मोजायची गरज राहत नाही. ज्याला गरज आहे तो स्वतः भर घालतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या गटाच्या हिशोबाला कुबरनेटिस लागत नाही. ते लाखो लोकांच्या कामाला. दहा-पंधरा बायांच्या गटाला एक संगणक, त्यात एक साधा तक्ता आणि आठवड्याला पेनड्राइव्हवर काढलेली प्रत पुरते. तो पेनड्राइव्ह दुसरीच्या घरी ठेवायचा. कोणी गटाला म्हणालं, तुम्हाला फार मोठी यंत्रणा लागेल, तर त्याला विचारा, कशासाठी? घरच्या जेवणाला कोणी पंगतीची कढई काढत नाही.

पण कोणीही सॉफ्टवेअर घेऊन आलं तर चार प्रश्न विचारा. आमचे हिशोब नेमके कुठं राहणार? उद्या तुम्हाला सोडलं तर ते आम्हाला वाचता येईल अशा रूपात परत मिळतील का? त्याचा मूळ मजकूर खुला आहे का? आणि तुम्ही उद्या दुकान बंद केलं तर दुसरं कोणी ते चालवू शकेल का? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या. आमच्या ग्रामसंघात आम्ही हे चार प्रश्न ठराव म्हणून लिहून ठेवले आहेत.

आणि लेकींबद्दल. हे शिकायला फुकट साधनं आहेत. मुंबईच्या आयआयटीनं 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे केले आहेत. लिनक्स, लिब्रे ऑफिस असे कितीतरी विषय त्यात आहेत, आणि मराठीतले धडेही आहेत. एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही बघता येतात. आधी लिनक्स, मग गिट, मग कंटेनर, मग कुबरनेटिस, असा क्रम धरावा. आठ जीबीचा एक संगणक गटानं मिळून घेतला तर चार-पाच मुली पाळीपाळीनं शिकू शकतात. शेळीला कर्ज देतो, शिवणयंत्राला देतो, तसं याला का नको?

एवढ्यानं नोकरी मिळेलच असं आम्ही म्हणत नाही. क्लासला जाऊच नका असंही नाही. पण जी मुलगी स्वतः दळून बघते, तिला पुढच्या मुलाखतीत सांगता येतं, "हो, मी मूळ मजकुरातून बांधलंय. मेमरी कुठं पुरली नाही, वीज गेल्यावर काय झालं, तेही सांगते." आणि क्लास लावायचाच असेल तर कशासाठी लावायचा, किती फी रास्त आहे, हे तिला आणि तिच्या आईला आधीच कळलेलं असतं. घाबरून निर्णय घ्यायचा नाही, समजून घ्यायचा. आपल्याला एवढंच म्हणायचं होतं.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात एवढं करा. संगणक शिकणारी एक तरी मुलगी बोलवा आणि तिला सांगा, आम्हाला काहीतरी चालू करून दाखव. ती शिकवेल, तुम्ही विचारा. न कळलं तर पुन्हा विचारा.